पाहुणे अभ्यासक आणि वरच्या वाडीचं बोलणं

भाषेचे अभ्यासक खेड्यात आले की त्यांचं पहिलं वैर जडतं ते कोंबड्यांशी. माणूस माइकसमोर बसतो न बसतो तोच कोंबडा आरवतो, शेजारी मिक्सर सुरू होतो, आणि कशेडी घाटाकडे निघालेला एखादा ट्रक नेमका त्याच वेळी हॉर्न देतो. म्हणून आम्ही आधी पंखा बंद करायचो, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगायचो आणि कोंबड्या डालग्याखाली झाकायचो. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि दर खेपेला नवा असलेला पाहुणा.

कागदोपत्री मी महाडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात परिचर होते. पुस्तकं लावायची, धूळ झटकायची, मुलांना गप्प करायचं. पण आमच्या मराठी विभागाकडे बाहेरून अभ्यासक यायला लागले. कुणी हैदराबादहून, कुणी कोलकात्याहून, एकदोघं तर समुद्रापलीकडून. त्यांना वाड्यावाड्यांवर फिरवायला माणूस हवं होतं आणि माझं माहेर पडलं पोलादपूरच्या डोंगरातलं. प्राचार्य म्हणाले, “बाई, तुम्हीच जा. नाहीतरी तुम्हाला बोलायला आवडतं.” तो टोमणा होता, पण मी त्याला नेमणूक समजले. निवृत्त होईपर्यंत तेच केलं, आणि अजूनही कुणाचा फोन आला की पायात चप्पल सरकवते.

भाषेचा अभ्यास म्हणजे काय, हे मला आधी ठाऊक नव्हतं. वाटायचं, हे लोक आपलं व्याकरण तपासायला येत असणार. पण ते कुणाची चूक काढत नाहीत. माणूस जसा बोलतो तसाच त्यांना हवा असतो. आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकच किडा असतो. एकाला हवं होतं, माणूस ‘नाही’ म्हणण्याआधी किती वेळ थांबतो. दुसऱ्याला हवं होतं, लोक बैलाशी काय बोलतात आणि वासराशी काय. मी घरी येऊन यजमानांना सांगितलं की एवढा शिकलेला माणूस बैलाशी केलेलं बोलणं गोळा करायला आलाय. ते म्हणाले, “आणि त्याला पगार देतात?” मी म्हटलं, देतात.

आमच्याकडच्या माणसांची एक खोड आहे. समोर माइक आला की त्यांना शुद्ध बोलायचा झटका येतो. पाचाडजवळच्या एका वाडीत धोंडूआजा म्हणून होते. त्यांच्यासारखा गप्पिष्ट म्हातारा साऱ्या पंचक्रोशीत नव्हता, म्हणून मी पाहुण्यांना मोठ्या हौसेनं तिकडे नेलं. आजा इस्त्रीचा सदरा घालून, टोपी चढवून बसले आणि म्हणाले, “उपस्थित बंधू-भगिनींनो, मी आपणांस भातशेतीविषयी दोन शब्द सांगू इच्छितो.” उपस्थित कोण, तर मी, पाहुणे आणि मांजर. पाहुण्यांचं तोंड एवढंसं झालं. बोली ऐकायला एवढ्या लांबून आलेला माणूस, आणि त्याच्या वाट्याला ग्रामपंचायतीचं भाषण.

आजा चार खंडी भात पिकवल्याचं सांगायला लागले, तेवढ्यात आतून आजी कडाडली. “काय पन सांगतस रे? चार खंडी भात? कवा पिकवलंस? मी मेलेली व्हते काय तवा?” आजांनी टोपी काढून गुडघ्यावर आपटली. “गप गो! तुला काय म्हायती हाय?” आणि मग जे जुंपलं, त्यात ती अस्सल बोली धो धो वाहायला लागली. पाहुणे डोळे मिटून ऐकत होते. जाताना ते आजीच्या पाया पडले. का, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

एक उंच, अबोल गृहस्थ आले होते. ते माणसं दिशा कशा सांगतात ते बघत. टेबलावर लाकडी गाय, झाड आणि माणूस ओळीनं मांडायचे. मग समोरच्याला पाठ फिरवून दुसऱ्या टेबलाकडे वळवायचे आणि म्हणायचे, तसंच मांडा. महाडच्या बाजारपेठेतल्या लोकांनी उजव्या हाताची गाय उजव्याच हाताला ठेवली. आमच्या डोंगरातल्या एका काकूने मात्र ती डाव्या हाताला ठेवली. मला वाटलं, हुकली बिचारी. पण गाय आधी डोंगराच्या अंगाला होती, तशी ती पुन्हा डोंगराच्याच अंगाला होती. पाठ काकूने फिरवली होती, गाईने नाही.

मग त्या गृहस्थांनी काकूला महाडला आणून एका लॉजच्या खोलीत बसवलं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. काकू खुर्चीत बसली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, “आधी डोंगूर कुनीकडं हाय ते सांगा.” गृहस्थांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांच्या सगळ्या मुक्कामात त्यांना हसताना मी तेवढंच एकदा बघितलं. मलाही त्या दिवशी प्रथमच जाणवलं की आमच्या माणसांच्या मनात सगळा वेळ एक डोंगर उभा असतो.

असे कितीतरी आले, गेले. पण ज्या माणसामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं, ती नलिनी. तिकडे दक्षिणेतली, तिशीतली मुलगी. मराठी पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे “आपण चहा घ्याल का?” असं सुनावणीला बोलावल्यासारखं विचारायची. तिचा किडा होता हाळीचा. आमच्याकडे दरीपलीकडच्या माणसाला हाक मारायची तर नाव लांबवतात, सूर चढवतात, मध्ये श्वास घेतात. त्या लांबवलेल्या हाकेत शब्दांचं काय होतं, ते तिला बघायचं होतं.

तिला मी आंबेनळी घाटाच्या अंगाच्या एका वाडीवर नेलं. आम्ही तिला वरची वाडी म्हणतो. मधून ओढा जातो, अर्धी घरं आणि खाचरं अलीकडे, अर्धी पलीकडे. हाळी ऐकायला याहून चांगली जागा नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि आम्ही पोचलो भातलावणीच्या दिवसांत. ओढा असा गर्जत होता की शेजारी उभ्या माणसाचं ऐकायला कान पुढे करावा लागे. नलिनी डोक्यावर इरलं, हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला माइक घेऊन बांधावर उभी. सकाळ गेली, दुपार होत आली, कुणी एक हाक मारली नाही.

“बाई,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “हे लोक ओरडतच नाहीत.”

मी म्हटलं, या पाण्यात ओरडून कुणाला ऐकू जाणार? पण माझं वाक्य तिने अर्ध्यावर तोडलं. ती समोर बघत होती. अलीकडच्या खाचरात शेवंतावहिनी चिखलातून ताठ उभी राहिली, दोन्ही हात वर केले, मुठी मिटल्या, उघडल्या, आणि एक हात आडवा फिरवला. पलीकडच्या माणसाने हात छातीवर ठेवला, मग लांब खालच्या अंगाला दाखवला. थोड्या वेळाने खालून एक मुलगी डोक्यावर रोपांच्या जुड्या घेऊन वर आली.

नलिनी चिखलातून धडपडत शेवंताकडे गेली. “आपण आत्ता काय केलंत?”

“काय नाय गो. रोपं सपली, तं सांगितलं.”

“कसं सांगितलं?”

“हातानं.” शेवंताला प्रश्नच कळेना.

“हे कुणी शिकवलं?”

“शिकवायला काय शाला हाय? ते आपलं चंद्राचं हाय.”

चंद्रा म्हणजे हौसाआजीची मुलगी. चाळिशीची, उंच, कामाला वाघीण. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. शाळा कुठली? हौसाआजीनेच तिच्याशी हातांनी बोलायला सुरुवात केली. आजी एक खूण करी, चंद्रा दोन. शेजारची मुलं तिच्याबरोबर गुरांमागे वाढली, त्यांच्याही हातात ते आलं. ती मुलं मोठी झाली, संसाराला लागली. आणि पावसात ओढा गर्जायला लागला की वाडीला कळलं, हे बोलणं ओढ्याच्या वर पोचतं. मग सासुरवाशिणी आल्या तशा त्याही शिकल्या. त्या वाडीत मी किती वेळा चहा प्यायले असेन! लोकांचे हात हलताना मी बघितलेही असतील. दिसलं मात्र मला काहीच नव्हतं.

आणि गंमत ऐका. नलिनी घरोघर विचारत फिरली, “चंद्राचं बोलणं आपल्याला येतं का?” प्रत्येकाने मान हलवली. “छ्या! ते तिच्या आयेलाच कलतं.” हे सांगताना समोरून चंद्रा आली तर हातानेच तिला विचारत, गुरं बांधलीस काय? आणि पुन्हा आमच्याकडे वळून म्हणत, “नाय बा, आमाला नाय येत.” तोंडातून येतं तेच बोलणं, अशी त्यांची पक्की समजूत. हाताने केलेलं ते नुसतं काम.

नलिनीने हाळीचा विषय तिथेच चिखलात सोडला. आठ दिवसांसाठी आलेली मुलगी महिनाभर राहिली. ती मला एकेक गोष्ट उलगडून दाखवायची आणि मी तोंडात बोट घालून बघायचे. लांबच्या माणसाशी बोलताना ते अख्खा हात वापरत, चुलीपाशी बसून बोलताना नुसती बोटं. आपण आवाज चढवतो, उतरवतो, तसंच. बोलण्यातली एखादी बाई हवेत एका जागी दाखवली की पुढे वाक्यभर ती त्याच जागेवर असायची, त्या जागेकडे बोट केलं की पुरे. आधी कोण, मग कुठे, मग काय, हा क्रम सहा वर्षांचं पोरसुद्धा मोडत नव्हतं. कुणी बसून हे ठरवलं नव्हतं. ते होत गेलं होतं.

प्रत्येक माणसाला खुणेचं नाव होतं. हौसाआजी म्हणजे नाकाला बोट, नथीवरून. माझं नाव तेवढ्या दिवसांत पडलं. डोळ्यांपुढे चष्म्याची दोन वर्तुळं आणि मग चार बोटं अंगठ्यावर टपटप आपटायची. अर्थ सांगायची गरज नाही. चंद्राचा भाऊ बाळाराम लहानपणीच मुंबईला गेला, तिकडे एका इमारतीवर वॉचमन आहे. त्याचं नाव म्हणजे खांद्यावर पिशवी टाकायची.

एकदा बांधावर बसून नलिनी म्हणाली, “बाई, भाषा जन्मताना कुणी बघत नाही. सगळ्या भाषा फार जुन्या झाल्यावर आपल्या हाती येतात. आपण बघतोय.” तिचे डोळे भरले होते. एक आई आणि एक मुलगी यांनी चुलीपाशी सुरू केलेलं, आणि बघता बघता वाडीचं झालेलं. देवळात गेल्यावर मला जेवढं वाटत नाही, तेवढं त्या बांधावर वाटलं. खोटं कशाला सांगू?

त्यानंतरच्या हिवाळ्यात हौसाआजी गेली. शेवंताने फोन केला. नलिनी तेव्हा पुन्हा महाडला आलेली होती. आम्ही भेटायला गेलो. ओटीवर बाळाराम मुंडण करून बसला होता. भला माणूस. आईच्या आजारपणात धावून आला होता. तो मला म्हणाला, “काकू, मी चंद्राला मुंबईला नेतो. बायकोशी बोललो, ती हो म्हनाली. हितं कोन हाय तिला? एक आई होती तिचं समजनारी.”

मला पुढचं दिसायला लागलं. मुंबईची दहा बाय बाराची खोली, बाळाराम ड्यूटीवर, वहिनी आणि मुलं आपापल्या व्यापात, आणि चंद्रा खिडकीशी. त्या अख्ख्या शहरात एकाही माणसाला तिचे हात वाचता आले नसते.

“तिला विचारलंस?” मी म्हटलं.

“सांगितलं ना. पिशवी दाखवली, रस्ता दाखवला. काय बोलली नाय, गवताला निघून गेली. कललं तिला.”

त्याला खरंच काही माहीत नव्हतं, आणि याचं कारण वाडीच होती. तो गणपतीला, शिमग्याला चार दिवस यायचा. तेवढे दिवस वाडीचे हात खाली राहायचे. भावासमोर बहिणीसारखे हातवारे केले, तर ते वेडावून दाखवल्यासारखं दिसेल, या संकोचाने. त्याच्यासमोर सगळे चंद्राकडे बघून नुसते हसत. म्हणून इतक्या वर्षांत त्याने बहिणीला आईखेरीज कुणाशी बोलताना बघितलंच नव्हतं.

मी शेवंताला परसात गाठलं. “तुम्ही सांगा ना त्याला.”

“आमी कोन, काकू? भावाचं घर, भावाचा इचार. आनि सांगायचं काय? आमाला तिचं बोलनं येतं म्हून? ते काय बोलनं हाय?”

नलिनी तर वाटेवरच रडत होती. मी म्हटलं, तू बोल, तू शिकलेली. ती म्हणाली, “मी बोलले तर त्याला वाटेल, हिला अभ्यासासाठी चंद्रा इथे हवी आहे. आणि मलाच ठाऊक नाही, ते खोटं आहे का.” एवढं प्रामाणिक मला बोलता आलं नसतं. आम्ही बाळारामला काही न सांगताच परतलो.

दहाव्याला आम्ही पुन्हा गेलो. वाडीच्या खाली ओढ्याकाठी विधी झाला. पुरुष पिंडाजवळ, बायका जरा वरच्या अंगाला, चंद्रा त्यांच्यात. खडकावर पिंड ठेवले आणि सगळे मागे सरले. कावळा समोरच्या ऐनाच्या झाडावर येऊन बसला, पण खाली उतरेना. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असलं तर कावळा शिवत नाही. मग जवळचे एकेक वचन देतात.

बाळारामने हात जोडले. “आये, चंद्राची काळजी करू नको. मी तिला मुंबईला नेतो. माज्याजवल ठेवतो. उपाशी ठेवनार नाय.”

कावळ्याने मान वाकडी केली आणि बसून राहिला. कुणी म्हणालं, गाय विकायची नाय म्हून सांग. त्याने सांगितलं. घराची कौलं चाळून घेईन म्हणाला. वर्षश्राद्धाला सगळ्यांना आणीन म्हणाला. उन्हं वर आली. बाळारामचा आवाज चिरकायला लागला. “आये, अजून काय ऱ्हायलं गो? सांग ना!”

तेव्हा चंद्रा बायकांतून निघाली आणि खाली आली. तिला काही ऐकू आलं नव्हतं, पण भाऊ कुणाशी बोलतोय आणि कशासाठी, एवढं कुणाला कळत नाही? पिंडासमोर उभी राहून तिने पदराला हात पुसले आणि वर उचलले. चुलीजवळची बोटं नव्हेत, ओढ्यापलीकडच्या माणसाशी बोलतात तसे अख्खे हात. नाकाला बोट लावलं. हात वर, लांब सोडला. मग छातीवर तळवा. मग वाकून रोप खोचल्यासारखं, एकदा, पुन्हा, पुन्हा. आणि शेवटी दोन्ही तळवे जमिनीकडे दाबून धरले.

“काय म्हनते?” बाळाराम गोंधळून शेवंताकडे वळला. “वयनी, काय म्हनते ही?”

शेवंताने तोंड उघडलं. पण आवाज तिच्या एकटीचा आला नाही. वरच्या अंगाच्या बायका, पिंडाजवळचे म्हातारे, काठावरची पोरं, सगळी वाडी एकदम बोलली.

“आये, तू जा. लावनी मी करते. मी हितंच ऱ्हाते.”

सगळ्यांचं बोलणं एकच. तेच शब्द, त्याच क्रमाने. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. बोलून झाल्यावर ती माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. आपल्याला हे येतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. नलिनीचा कॅमेरा पिशवीत होता. तिने तो काढला नाही. माझं मनगट मात्र तिने असं धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिले, विद्वानांबरोबर फिरले, पण त्या सकाळी जे ऐकलं तेवढं मोठं काही मी ऐकलेलं नाही.

कावळा शिवला. आधी की नंतर, मला सांगता येणार नाही, मी माणसांकडे बघत होते.

बाळाराम मात्र जागचा हलला नव्हता. तो कधी या तोंडाकडे बघे, कधी त्या. “तुमाला येतं?” तो म्हणाला. “सगल्यांना?” सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग तो शेवंताला हळूच म्हणाला, “वयनी, ‘रहा’ कसं म्हनायचं?”

शेवंताने दोन्ही तळवे जमिनीकडे दाबून दाखवले. बाळाराम बहिणीसमोर उभा राहिला आणि त्याने एका हाताने काहीतरी केलं, लहान पोराला गप्प बसवतात तसं. चंद्राने मान हलवली. पुढे येऊन त्याचा दुसरा हात उचलला, दोन्ही तळवे शेजारी धरले आणि आपल्या हातांनी खाली दाबले. मग सोडून मागे सरकली, आता तू कर म्हणून. त्याने केलं. चाळीस वर्षांत भावाने बहिणीला तिच्या बोलण्यात सांगितलेली ती पहिली गोष्ट होती.

आणि चंद्राचे हात सुटले. केवढं तरी सांगायचं साठलं होतं तिला, भराभर, भराभर, नाकाला बोट, खांद्यावर पिशवी, पुन्हा नाकाला बोट. बाळारामला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो हसत होता. त्याच्यासाठी सगळी वाडी पुन्हा एकदम बोलायला लागली, तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले.

“सगली एकदम नको रे,” तो म्हणाला. “हलू सांगा. एकेकानं सांगा.”